कारागिराची कोठी आणि साठावही

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामोद्योगाविषयी आपल्याकडे जी भाषणे होतात त्यांत कर्ज, प्रशिक्षण आणि बाजारपेठ या तीन विषयांस पहिला मान असतो, आणि तो योग्यही आहे. परंतु कारागिराच्या घरात आज कोणता कच्चा माल किती आहे, तो कोठे ठेवलेला आहे, किती दिवस पुरेल आणि त्यातला किती भाग केवळ पडून राहिल्याने निकामी झाला आहे, हा विषय सभेत क्वचितच निघतो. कर्जाच्या अर्जात मालाच्या साठ्याचा रकाना येतो तेव्हा तेथे अंदाजाने एक गोल आकडा लिहिला जातो. तो आकडा लिहिणाऱ्यासही खरा वाटत नसतो आणि वाचणाऱ्यासही. आज मला याच रकान्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम, ही सवय आपल्याकडे का नाही, हे पाहू. कारागीर निरक्षर होता म्हणून त्याने हिशेब ठेवला नाही, असे म्हणण्याची एक रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुताराकडे औत भरावयास येणारा शेतकरी स्वतःच्या बांधावरचे बाभळीचे लाकूड घेऊन येत असे. लोहाराकडे येणारा फाळासाठी लोखंड आणीत असे, पुष्कळदा कोळसाही आणीत असे आणि भाता ओढावयास माणूसही देत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र रेखाटले आहे, ते पुन्हा वाचण्यासारखे आहे. अशा व्यवस्थेत कारागिराच्या मालकीची वस्तू म्हणजे त्याची हत्यारे आणि त्याचा हात. माल दुसऱ्याचा, मोबदला धान्याच्या रूपाने सुगीला. मग त्याने साठ्याची वही कशासाठी ठेवावी? बलुते मोडले, माल विकत घेण्याची जबाबदारी कारागिरावर आली, गावच्या गिऱ्हाइकाच्या जागी दूरचे गिऱ्हाईक आले. परंतु मालाचा मालक होण्याबरोबर जी लेखनाची सवय यावयास हवी होती, ती मात्र त्याच्या घरी कोणी नेऊन पोहोचविली नाही.

याउलट ज्यांच्याकडे माल होता त्यांच्याकडे लेखन होते. मराठी राज्यात अठरा कारखाने व बारा महाल यांची जी रचना होती, तिच्यात कोठी, अंबारखाना, शिलेखाना, दारूखाना असे स्वतंत्र विभाग होते व त्यांचे कारकून होते. किर्द, खतावणी, तेरीज, बाकी हे शब्द आपण आजही वापरतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जी सूचना आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. दारूखाना घरापासून दूर असावा, आणि हवालदाराने ठराविक दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे साठ्याची तपासणी याचा अर्थ केवळ मोजणे नव्हे. वस्तू हातात घेणे, तिला हवा देणे, ती कामास येते की नाही हे पाहणे आणि मग तिची नोंद करणे, हा सर्व एकच व्यवहार आहे. आपल्या कार्यालयांतील वार्षिक पडताळणीत मोजण्याचे काम होते. ऊन देण्याचे होत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळतो. ते सांगली जिल्ह्यातील मिरजेचे आहे. (सातारकरांनी क्षमा करावी. ‘सतार’ हा शब्द त्यांच्या नावाच्या इतका जवळचा असूनही सतारी मात्र मिरजेत होतात.) मिरजेस संगीताची परंपरा मोठी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले ते मिरजेत, आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर ते विसावले तेही तेथील दर्ग्याच्या आवारात. शस्त्रे घडविणे व त्यांस धार लावणे हा शिकलगारांचा मूळ व्यवसाय. शस्त्रांचे दिवस मावळल्यावर त्यांतील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे घडणीकडे हात वळविला, अशी तेथील परंपरा सांगते. पुढे ‘सतारमेकर’ हे आडनावच झाले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वृत्तपत्रांतून वाचलेच असेल.

एका तंबोऱ्यासाठी काय काय लागते ते पाहा. भोपळा लागतो, हा भाजीचा नव्हे, कडू भोपळा. तो प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तबलीस व दांडीस तुणीचे लाकूड लागते, ज्यास काही जण लाल देवदार म्हणतात. ते कर्नाटकातील जंगलांतून येते. खुंट्यांना लाकूड वेगळे. घोडी लागते, मणी लागतात, पोलादी व पितळी तारा लागतात, आणि चांगली पोलादी तार पुष्कळदा जर्मनीहून आलेली असते. जोडकामासाठी सरस, रंगासाठी चपडा लाख व स्पिरिट, नक्षीसाठी पट्ट्या. मंगळवेढ्याचे शेत, कर्नाटकचे जंगल आणि परदेशातील तारेचा कारखाना ही तिन्ही ठिकाणे एका माळ्यावर एकत्र येतात, तेव्हा कोठे वाद्य होते. यांतले एक जरी आले नाही तरी उरलेली दोन पडून राहतात व गिऱ्हाईक थांबते.

आणि या प्रत्येक वस्तूचा काळ वेगळा आहे. भोपळ्याचे पीक वर्षातून एकदाच हाती येते. वेलीवर पूर्ण जून झालेला, नंतर वाळलेला आणि योग्य घेराचा भोपळा त्या हंगामात घेतला नाही तर पुढील पिकापर्यंत तो कोणत्याही किमतीस मिळेल असा भरवसा नाही. पुरुषांच्या तंबोऱ्यास मोठ्या घेराचा, स्त्रियांच्या तंबोऱ्यास त्याहून लहान, सतारीस आणखी लहान. भोपळा कारखान्यात साच्यावर होत नाही. तो वेलीवर जसा होईल तसा घ्यावा लागतो. लाकडाचे गणित याहून लांब. ओल्या लाकडाची तबली पुढे वाकते किंवा चिरते, म्हणून ते वर्षानुवर्षे मुरू द्यावे लागते. आज घेतलेले लाकूड कदाचित मुलाच्या हाताखाली वाद्य होईल. तारेचे मात्र तसे नाही. ती पैसे पाठविल्यास काही दिवसांत येते, आणि दमट जागी ठेवल्यास गंजते. म्हणून जो माल वर्षातून एकदा मिळतो, जो मुरण्यास वर्षे लागतात आणि जो मागताच येतो, अशा तिघांचा हिशेब एकाच पद्धतीने ठेवणे हे चूक आहे.

हे अंकांत मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका घरात महिन्याला ४ तंबोरे होतात. वर्षाचे झाले ४८. दहा भोपळ्यांपैकी दोन तडा, कीड किंवा वाकडेपणा यांमुळे बाद होतात असे धरले, तर ४८ वाद्यांसाठी ६० भोपळे हवेत. नवे पीक आल्यावर ते वाळून कामास येण्यास समजा तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांच्या १२ वाद्यांसाठी जुने १५ भोपळे हाताशी पाहिजेत. म्हणजे हंगामात माळा ७५ भोपळ्यांनी भरला पाहिजे. हे गणित चौथीतला विद्यार्थी करू शकेल. पण ते करण्यासाठी ‘दहांत दोन बाद’ हा आकडा माहीत असावा लागतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. प्रत्येक घराचा तो वेगळा असतो, आणि ज्या घरात वही आहे त्याच घरास तो ठाऊक असतो.

वही म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. ग्रामपंचायत सदस्यांस नमुना १५ व नमुना १६ परिचित आहेत. पहिली उपभोग्य वस्तूंच्या साठ्याची नोंदवही, दुसरी जड वस्तू संग्रहाची. हाच भेद कारागिराच्या घरी नेला म्हणजे निम्मे काम झाले. सरस, लाख, तार, कागद, भोपळा, लाकूड हे संपणारे. पटाशी, रंधा, कानस, करवत, गिरमिट, साचे हे राहणारे. संपणाऱ्या वस्तूंच्या पानावर तारीख, कोणाकडून आले, किती आले, कशासाठी गेले, किती उरले आणि शेरा एवढे रकाने पुरेत. राहणाऱ्या वस्तूंच्या पानावर वस्तू कोणाच्या हाती आहे हे महत्त्वाचे. शेजाऱ्याने नेलेले गिरमिट हे आपल्या खेड्यांतील न फिटणारे सर्वांत जुने कर्ज असेल.

परंतु आपल्या शासकीय नमुन्यांत न सापडणारे दोन प्रकार कारागिराकडे असतात, आणि गोंधळ होतो तो त्यांतच. पहिला म्हणजे अर्धवट माल. भोपळा कापून गळा जोडला आहे, दांडी बसवावयाची आहे, रंग नाही, अशी पाचसात वाद्ये प्रत्येक घरात टांगलेली असतात. कच्च्या मालात ती धरता येत नाहीत, तयार मालातही नाहीत. पण घराचे पुष्कळसे भांडवल तेथेच अडकलेले असते. त्यांच्यासाठी वेगळे पान करून प्रत्येक वाद्यास क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक खडूने न लिहिता चिठ्ठी बांधून द्यावा. दुसरा प्रकार दुरुस्तीस आलेल्या वाद्यांचा. ती गिऱ्हाइकाची ठेव आहे. ती आपल्या साठ्यात कधीही मोजू नये. तिच्या पानावर वाद्य आले तेव्हाची स्थिती, किती खुंट्या, कोणती घोडी, कोठे तडा, हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. जुने वाद्य म्हणजे कोणाच्या तरी गुरूची आठवण असते. तिच्यावरून उद्भवणारा वाद पैशाने मिटत नाही.

मोजमापाविषयी एक सूचना. आपण अधिकारी मंडळी गावात गेलो की प्रथम एककांची सक्ती करतो. भोपळ्याचा घेर कारागीर इंचांत सांगतो, लाकूड घनफुटांत, तार नंबरावर, लाख किलोत, पट्ट्या नगावर. ते सर्व तसेच राहू द्यावे. वहीच्या पहिल्या पानावर कोणती वस्तू कशात मोजावयाची हे एकदा लिहून ठेवावे, आणि त्यात बदल करू नये. आज लाकूड घनफुटांत आणि उद्या फळ्यांच्या संख्येत लिहिले, की वही असूनही नसल्यासारखीच. लाकडाच्या बाबतीत तर ओंडक्याच्या किंवा फळीच्या डोक्यावरच रंगाने महिना व वर्ष लिहावे. वही हरवली तरी लाकूड आपले वय सांगेल. जुने आधी काढावयाचे, नवे मागे सारावयाचे, हा धान्याच्या कणगीचा नियम येथेही आहे. नवा ढीग जुन्याच्या पुढे रचला की जुना भिंतीशी कुजतो.

कायद्याच्या बाजूनेही ही वही उपयोगी पडते, आणि ही बाब मला विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग, क्वचित हस्तिदंत वापरीत असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याच्या पुढील दुरुस्त्या यांमुळे तो व्यापार बंद झाला. आज उंटाचे हाड, शिसवीसारखे कठीण लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. तेव्हा घोडीच्या पानावर ती कशाची आहे व कोणाकडून घेतली, ही नोंद पावतीसह असावी. आजोबांच्या पेटीत शिंगाचा जुना तुकडा निघाला तर तो विकावयास न काढता वन विभागास विचारावे. लाकडाचेही तसेच. शिसव व तिच्या जातीच्या लाकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना त्यातून मोठी सूट मिळाली ती २०१९ मध्ये. मधल्या काळात परदेशी जाणाऱ्या वाद्यात कोणते लाकूड आहे व ते कोठून आले याचा कागद मागितला जाई. ज्याच्याकडे खरेदीची पावती व वाहतूक परवाना साठावहीस टाचलेला असेल, त्याला असा प्रश्न येणे म्हणजे एक पान उलटणे. इतरांना तो प्रवास होतो. भौगोलिक मानांकनाचेही आता हेच आहे. मानांकनाचा अर्थ वाद्य ठरलेल्या जागी, ठरलेल्या मालातून व रीतीने झाले असा आहे, आणि ते दाखविण्यास कारागिराच्या वहीपेक्षा चांगला पुरावा नाही.

किमतीची गोष्टही येथेच सांगतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हाताने बनविलेल्या देशी वाद्यांना करमुक्तांच्या यादीत स्थान मिळाले. हे चांगलेच झाले. तथापि तार, पॉलिश, सरस यांवर खरेदीच्या वेळी दिलेला कर, विक्री करमुक्त असल्यामुळे परत मिळत नाही. तो वाद्याच्या किमतीतच बसतो. एका वाद्यास किती तार व किती लाख लागली हे ज्याच्या वहीत नाही, तो किंमत सांगताना शेजाऱ्याच्या किमतीकडे पाहतो, आणि शेजारी त्याच्याकडे पाहतो. अशा रीतीने दोघेही वर्षानुवर्षे तोट्यात विकू शकतात.

मिरजेवर पुष्कळ वेळ घेतला. आता माण-खटाव आणि आटपाडी-जतकडे येतो. या कोरड्या पट्ट्यातील घोंगडी आपण सर्वांनी पाहिली आहे. मेंढ्या धनगरांच्या आणि विणकाम सांगरांचे, अशी जुनी वाटणी. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरली जाते. म्हणजे येथेही माल हंगामी आहे. लोकरीचा मोठा शत्रू कसर. वरून गठ्ठा जसाच्या तसा दिसतो आणि उचलला की आतून भुगा पडतो. येथे आज्ञापत्रातील ऊन देण्याची सूचना शब्दशः लागू पडते. कातरणीनंतर लोकर निवडताना काळी, पांढरी, करडी असे वेगळे गठ्ठे बांधावेत, प्रत्येकावर कातरणीचा महिना लिहावा, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि महिन्यातून एकदा गठ्ठा सोडून पाहावा. जन्मतः काळ्या लोकरीच्या घोंगडीस मान अधिक असतो; ती पांढरीत मिसळली की तिचे मोल गेले. वजन करतानाही ध्यानात ठेवावे की मातीसकट कातरलेली लोकर आणि धुऊन पिंजलेली लोकर यांत बरीच घट येते. किती घट आली, हा आकडा लिहून ठेवणाऱ्या विणकरास पुढच्या कातरणीला भाव करताना फसविणे अवघड जाते. खळीसाठी लागणारा चिंचोका स्वस्त आहे म्हणून त्याची नोंद कोणी करीत नाही. आणि नेमका ऐन वेळी तोच संपलेला असतो.

बुरूडकामाविषयी थोडक्यात. बांबूस लागणारा भुंगा हा साठवणीतला मुख्य प्रश्न, आणि पावसाळ्यात तोडलेल्या कोवळ्या बांबूस तो लवकर लागतो. जमिनीपासून उंच, आडव्या खुंट्यांवर, सावलीत ठेवावा. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील व्याख्या बदलून वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या संज्ञेतून वगळण्यात आला, त्यामुळे त्याच्या वाहतुकीची कटकट कमी झाली आहे. सदस्यांनी ही गोष्ट आपल्या गावच्या बुरूडांना सांगितली आहे का, हे मात्र विचारावेसे वाटते.

साठा ठेवावयाचा तो कोठे, हा प्रश्न आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नदीकडे पाहून सोडवावा लागतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्येही ते धोक्याच्या पातळीच्या बरेच वर होते. हरिपूरची हळदीची पेवे आपणांस ठाऊक आहेत. जमिनीत खोल खणलेली, हवाबंद, वर्षानुवर्षे हळद निर्धोक ठेवणारी ही कोठारे म्हणजे साठवणुकीच्या शास्त्राचा एक नमुनाच. परंतु २००५ च्या महापुरात त्यांचे अतोनात नुकसान झाले. पेवासारखी उत्तम जागासुद्धा पाण्यापुढे टिकली नाही, तर घराच्या तळखोलीतील फळीची काय कथा! म्हणून नदीकाठच्या गावांत वस्तूंचा क्रम लावताना एक प्रश्न विचारावा: एका रात्रीत घर सोडावे लागले तर प्रथम काय उचलावयाचे? मुरलेले लाकूड, साचे, घडविलेल्या घोड्या आणि वही. भोपळे तरंगतात, पण भिजून कामातून जातात; ते माळ्यावरच असावेत. तार, लाख, सरस पुन्हा विकत मिळतात.

पुरानंतर पंचनामा होतो तेव्हा तलाठी किंवा ग्रामसेवक समोर दिसेल तेवढेच लिहू शकतो. वाहून गेलेली वस्तू दिसत नाही. ‘लाकूड होते’ आणि ‘अमुक तारखेस अमुक घनफूट लाकूड शिल्लक होते, ही त्याची पावती’ या दोन विधानांत अधिकाऱ्याच्या लेखणीपुरता जमीनअस्मानाचा फरक असतो. वही भिजली तर? येथे आजच्या काळातील एक सोय खरोखर उपयोगाची आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीच्या पानांचे आणि माळ्याचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते परगावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावे. सगळा हिशेबच भ्रमणध्वनीवर ठेवावा असे सुचविणारे पुष्कळ आहेत. ज्याला जमेल त्याने ठेवावा. पण सरस लागलेल्या बोटांनी पडद्यावर लिहिणे कठीण जाते, पेन्सिल चालते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आता आपल्या कपाटाविषयी. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर जी मूलोद्योगाची कल्पना पुढे आली, तिच्यात विद्यार्थ्याने किती पेळू घेतले, किती सूत काढले, किती वाया गेले याचा हिशेब हा शिक्षणाचाच भाग होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व याच सातारच्या भूमीत रुजविले. आज कार्यानुभवाच्या तासाचे साहित्य आपल्या शाळांत येते आणि पुष्कळ ठिकाणी ते कुलपात राहते. याचे कारण शिक्षकांचा आळस नव्हे. वस्तू खर्ची पडली की विचारणा होते, आणि वस्तू कपाटात वाळून गेली तर कोणी विचारीत नाही. आमच्या तपासणीची पद्धतच अशी आहे की पूर्ण साठा हे गुणाचे लक्षण ठरते. डिंक घट्ट झालेला, रंग सुकलेले, कागद पिवळे पडलेले, आणि वहीत शिल्लक बरोबर! अशा वहीस मी चांगली वही म्हणणार नाही. तपासणी अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे की त्यांनी जावकेचा रकाना आधी पाहावा, शिल्लक नंतर. निकामी वस्तूंच्या निर्लेखनाचे प्रस्ताव वर्षानुवर्षे पडून राहतात, तेही वेळेवर निघावेत; म्हणजे कपाटात जागा तरी होईल.

सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडे कपाटाची वही सोपवून पाहावी. दोघांनी मोजावे, तिसऱ्याने लिहावे, आणि दर महिन्याला तिघे बदलावेत. सरासरी, टक्केवारी, घट आणि मेळ हे शब्द त्यांस फळ्यावर समजावून सांगावे लागणार नाहीत.

महिला बचत गटांबाबत माझे निरीक्षण असे की, ते पैशाचा हिशेब चोख ठेवतात आणि वस्तूंचा ठेवीत नाहीत. शिवणकामाचा गट असेल तर कापड, दोरा, बटणे, अस्तर सदस्यांच्या घरी वाटून दिलेले असते. कोणास किती मीटर दिले, तयार नग किती परत आले आणि कातरण किती, हे न लिहिल्याने मने दुखावतात, आणि गट मोडला की कारण ‘आपसांतील मतभेद’ असे नोंदविले जाते. वास्तविक मतभेद दोन मीटर कापडाचा असतो. देताना व घेताना दोघींच्या सह्या, एवढ्याने तो टळतो. कातरणाची पिशवीसुद्धा वजन करून लिहावी; तिच्या गोधड्या होतात, आणि तिचाही वाटा असतो.

शेवटी एक प्रश्न, जो प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. वही कोणी लिहावयाची? मुख्य कारागिरास वेळ नसतो आणि बहुधा रुचीही नसते. माझे उत्तर असे की घरातील जी व्यक्ती कामास लागणारी वस्तू नेहमी शोधून देते, तिने लिहावी. बहुतेक घरांत ती गृहिणी असते किंवा शाळेत जाणारी मुलगी. कोणती वस्तू कोठे आहे हे तिला आधीच ठाऊक असते, केवळ ते कागदावर उतरलेले नसते. या कामाचा मोबदला घराच्या हिशेबात धरावा, मग तो थोडा का असेना. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या निधीतून गावातील कारागिरांच्या घरांस वर्षाला एकेक आखीव वही द्यावी आणि पहिल्या मोजणीच्या दिवशी ग्रामसेवक किंवा शिक्षक यांपैकी एकाने दोन तास बसावे. पहिली मोजणी सर्वांत कष्टाची असते, कारण त्या दिवशी माळ्यावरचे सर्व खाली येते; ती पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवशी करावी. वही पेटीत ठेवू नये. माळ्याच्या शिडीजवळ, डोळ्यांच्या उंचीवर एक खिळा मारावा, तिला त्या खिळ्यास अडकवावे, आणि पेन्सिल दोऱ्याने वहीस बांधून ठेवावी.